हॅवलॉक बेटावर सहकुटुंब जेवतांना

अंदमानास जाणाऱ्या मराठी कुटुंबाची वाट बहुधा ठरलेली असते. पहिल्या दिवशीं सेल्युलर तुरुंग. सावरकरांच्या कोठडीच्या दाराशीं मंडळी मुकाट्यानें उभी राहतात, वडील माणसें मुलांना १९११ ते १९२१ ह्या दहा वर्षांची हकीकत सांगतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सारा परिवार बोटींत बसून हॅवलॉक बेटाकडे निघतो. तुरुंगाविषयीं घरून पुष्कळ वाचून निघालेलें असतें. समुद्राचीं छायाचित्रें पाहून झालेलीं असतात. जेवायचें कोठें, हा प्रश्न मात्र बोटींतून उतरल्यावर, ऊन डोक्यावर आलें असतां व लहान मूल रडूं लागलें असतां, प्रथम पुढें उभा राहतो. आज मी एवढ्याच प्रश्नाविषयीं आपल्याशीं बोलणार आहें.

प्रथम नांवाचा खुलासा करतों. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनीं पोर्ट ब्लेअर येथें ३० डिसेंबर १९४३ रोजीं तिरंगा फडकाविला. त्या घटनेला पंचाहत्तर वर्षें झालीं तेव्हां, म्हणजे २०१८ सालीं, हॅवलॉकला स्वराज द्वीप व शेजारच्या नील बेटाला शहीद द्वीप अशीं नांवें देण्यांत आलीं. खुद्द पोर्ट ब्लेअरचें नांव २०२४ पासून श्री विजयपुरम् असें आहे. परंतु रिक्षावाले, बोटवाले व खाणावळवाले यांच्या तोंडीं मला जुनींच नांवें ऐकूं आलीं, आणि वाट विचारतांना तींच उपयोगीं पडलीं, म्हणून मीहि येथें तींच वापरतों.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. भूगोलाच्या तासाला फळ्यावर बंगालचा उपसागर काढावा, त्यांत खडूचे चार ठिपके द्यावे, कीं अंदमान झालें, असा माझा छत्तीस वर्षांचा परिपाठ. त्यांतल्या एका ठिपक्यावर सहा माणसांना चार दिवस दोन्ही वेळां जेवूं घालण्याची पाळी गेल्या फेब्रुवारींत माझ्यावर आली. मी, पत्नी, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात व चार वर्षांचा नातू. पत्नी शाकाहारी. बाकीचे मासे खाणारे. नातीला मासे चालतात, परंतु कोळंबीचें वावडें आहे. साधें नावडीचें नव्हे, तर ज्याला डॉक्टर अॅलर्जी म्हणतात तें. आणि नातवाचें म्हणाल, तर भूक लागल्याचें तो सांगतो व त्यानंतर दहाच मिनिटें शहाण्यासारखा वागतो. अशा सहा जणांचें एकाच ठिकाणीं समाधान होणें हें मुंबई-पुण्यांतहि सोपें नाहीं.

बेटावरील कोणत्याहि ताटाचे दोन भाग असतात. एक तेथेंच पिकलेला किंवा पकडलेला, आणि दुसरा बोटीनें आलेला. तांदूळ, डाळी, गव्हाचें पीठ, तेल, कांदे, बटाटे हा सारा शिधा मुख्यतः मुख्य भूमीवरून येतो. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर सुमारें १,२०० किलोमीटर, कोलकत्यापासून त्याहून थोडें अधिक. जहाजाला हें अंतर तोडण्यास तीन-चार दिवस लागतात. पोर्ट ब्लेअरहून आणखी चाळीसएक किलोमीटर समुद्र ओलांडल्यावर तो कांदा हॅवलॉकच्या विळीवर येतो. तेव्हां तेथील पावभाजी आपल्या कोपऱ्यावरच्या पावभाजीहून महाग कां, आणि तरीहि तिला तशी चव कां नाहीं, म्हणून हॉटेलवाल्याशीं हुज्जत घालण्यांत अर्थ नाहीं. उलट नारळ, केळीं, पपई, भोपळा, पालेभाज्या व मासळी हीं जवळचीं. नील बेट तर भाजीपाल्यासाठींच प्रसिद्ध आहे. त्या भागांत त्याला अंदमानची भाजीची टोपली समजतात.

ह्यावरून निघणारी गोष्ट साधी आहे. समुद्रकांठच्या पुष्कळशा उपाहारगृहांत आपल्या हातीं एक जाड वही देतात. तींत पंजाबी, चिनी, इटालियन असे साठ-सत्तर पदार्थ असतात, आणि स्वयंपाकघरांत शेगड्या दोन. त्या वहींत आमच्या मुलानें पनीरचा एक पदार्थ शोधून काढला व आम्ही सर्वांनीं पाऊण तास त्याची वाट पाहिली. आलेलें पनीर रबरासारखें होतें. पण तें बिचारें किती दूरवरून व किती दिवसांपूर्वीं निघालें होतें याचा विचार करतां त्यालाहि दोष देववत नाहीं. जेथें "आज काय आहे?" ह्या प्रश्नाला तीन-चार पदार्थांत उत्तर मिळतें, तेथें बसावें. जेथें "सर्व कांहीं आहे" असें उत्तर मिळतें, तेथें चहा घेऊन पुढें जावें.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या देशाचें घड्याळ ८२॥ पूर्व रेखांशावर लावलेलें आहे. हॅवलॉक ९३ अंशांच्या आसपास आहे, मुंबई ७३ च्या जवळ. एका अंशाला चार मिनिटें, हें आपण सर्व शाळेंत शिकलों. म्हणजे मुंबई व हॅवलॉक यांच्या सूर्यांत ऐंशी मिनिटांचें अंतर, आणि घड्याळ मात्र एकच! डिसेंबरांत तेथें सायंकाळीं पांचच्या सुमारास सूर्य बुडतो. आम्ही गेलों तेव्हां साडेपांचच्या सुमारास बुडत असे. सकाळीं साडेपांचला उजाडूं लागलें कीं मुलें उठून समुद्राकडे धांवतात, आणि घड्याळांत साडेअकरा वाजण्यापूर्वींच त्यांच्या पोटांत दुपारचा एक वाजलेला असतो. घरच्या संवयीनें रात्रीं नऊला जेवावयास निघाल तर मुलें वाटेंतच झोंपतील व खाणावळवाला भांडीं घासावयास बसलेला दिसेल. सकाळीं साडेसातला भरपेट न्याहारी, साडेअकराला जेवण, चारला नारळपाणी व केळीं, आणि संध्याकाळीं साडेसहाला रात्रीचें जेवण, असा क्रम आम्हीं दुसऱ्या दिवसापासून ठेवला, आणि नातवाचें रडणें एकदम निम्म्यावर आलें. साडेसहाला गेल्याचा आणखी एक लाभ असा कीं, टेबलें मोकळीं असतात व आचारी ताजातवाना असतो.

आतां प्रत्यक्ष ठिकाणांकडे वळूं. दुकानांचीं नांवें मी घेणार नाहीं. नभोवाणीवरून कोणाची जाहिरात होऊं नये हें एक कारण, आणि त्या व्यवसायांत मालक व आचारी हंगामागणिक बदलतात हें दुसरें. परंतु बेटाची रचना एकदां ध्यानीं आली कीं नांवांवांचून अडत नाहीं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनें १९५० नंतरच्या काळांत येथें जमिनी देऊन वसविलें. त्यांनीं आपल्या गांवांना गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशीं नांवें दिलीं, आणि सरकारनें त्यांना आंकडे दिले. ते आंकडे अजून बोलण्यांत आहेत. तीन नंबर म्हणजे बाजार, पांच नंबर म्हणजे विजयनगरचा किनारा, सात नंबर म्हणजे राधानगर. धक्क्यावरून निघालेला रस्ता बाजारापाशीं दुभंगतो. एक फांटा पश्चिमेस राधानगरकडे जातो, दुसरा पूर्वकिनाऱ्यानें विजयनगरावरून काळापत्थरकडे.

माझ्या मतें कुटुंबाला जेवावयास सर्वांत चांगली जागा म्हणजे हा तीन नंबरचा बाजारच. तेथून समुद्र दिसत नाहीं, म्हणून पुष्कळ पाहुणे तिकडे फिरकत नाहींत. पण येथें बंगाली भाताच्या खाणावळी आहेत. आंत सनमायक्याचीं टेबलें, भिंतीवर देवाची तसबीर, हात धुवावयास दाराशींच नळ. भात, पातळ मसुरीची डाळ, एक भाजी, एखादी तळलेली वांग्याची चकती, माशाचा झोल व शेवटीं टोमॅटोची गोड चटणी. भात व डाळ मागाल तितकी. ताट पांच मिनिटांत पुढें येतें. लहान मूल बरोबर असतां ह्या पांच मिनिटांची किंमत समुद्राच्या देखाव्याहून अधिक आहे, असें मी अनुभवानें सांगतों. मोहरीच्या तेलाचा वास आपल्या नाकाला पहिल्या दिवशीं उग्र लागतो. पत्नीनें पदर नाकाला लावला होता. तिसऱ्या दिवशीं ती त्याच तेलांतली वांग्याची चकती दुसऱ्यांदा मागून घेत होती.

ह्याच बाजारांत तामिळ व तेलुगु मंडळींचीं इडली-डोशाचीं दुकानेंहि आहेत. अंदमानांत सर्व प्रांतांचे लोक येऊन वसले व हिंदी ही त्यांची आपापसांतली बोली झाली. त्या मिसळणीचें फळ प्रवाशाला न्याहारीच्या वेळीं मिळतें. शाकाहारी माणसाला व आजाऱ्याला ह्या दुकानांसारखा आधार नाहीं. चहा मात्र आम्हांस पुष्कळदां दुधाच्या भुकटीचा मिळाला. ज्याला घरच्या चहाचा अभिमान असेल त्यानें कोरा चहा लिंबू पिळून घ्यावा.

आतां जी गोष्ट सांगावी म्हणून मीं मुख्यतः हें भाषण देण्याचें कबूल केलें, ती सांगतों.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही अशाच एका खाणावळींत बसलों. खाणावळ चालविणारे गृहस्थ माझ्याहून दहा वर्षांनीं लहान असतील. त्यांनीं मला पहिल्याच वाक्यांत 'दादू', म्हणजे आजोबा, करून टाकलें होतें. मीं विचारलें, "मासा कोणता?" ते म्हणाले, सकाळचा ताजा आहे, कोळंबी नाहीं. मीं पत्नीसाठीं निराळें शाकाहारी ताट सांगितलें व इतरांसाठीं माशाचीं. माझी चौकशी संपली. नातीनें मासा खाल्ला, भात खाल्ला, आणि भाजीहि आवडीनें खाल्ली. भाजी दुधीची होती. घरीं जी पोर दुधीला हात लावीत नाहीं ती येथें वाटी चाटून खाते, याचें आम्हां सर्वांना कौतुक वाटलें.

दहा मिनिटांत ती ओंठ खाजवूं लागली. मग मानेवर गांधी उठल्या, एक पापणी सुजली, आणि ती खोकूं लागली. सुनेनें क्षणाचाहि विलंब न लावतां पिशवींतलें डॉक्टरांनीं दिलेलें औषध पाजलें. मी मूर्खासारखा "पण मासा कोळंबीचा नव्हता" असें म्हणत राहिलों. ते गृहस्थ आंतून धांवत आले, ताटाकडे पाहिलें, आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "दादू, लाऊ में चिंगडी है!" लाऊ म्हणजे दुधी, चिंगडी म्हणजे कोळंबी. दुधींत नखाएवढी बारीक कोळंबी घालून शिजविणें ही बंगाली घरची नेहमींची रीत आहे. त्यांच्या दृष्टीनें ती भाजीच, जशी आपल्याकडे सोडे घातलेली वांग्याची भाजी. मीं माशाविषयीं विचारलें, त्यांनीं माशाविषयीं सांगितलें. खोटें कोणीच बोललें नव्हतें.

त्यांनीं गल्ला तसाच टाकला, स्वतःची गाडी काढली व आम्हांस सरकारी आरोग्य केंद्रांत नेलें. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं सुई टोंचली आणि संध्याकाळपर्यंत नातीला नजरेखालीं ठेवलें. केंद्र लहान आहे, पण त्या दिवशीं आमचें काम त्यांनीं चोख केलें. बांकावर बसल्या बसल्या माझ्या मनांत एकच हिशेब चालला होता. मोठें रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. मध्यें दीड-दोन तासांचा समुद्र. शेवटची बोट निघून गेलेली. बेट म्हणजे चोहोंकडून पाण्यानें वेढलेला जमिनीचा भाग, ही व्याख्या मीं किती वर्गांकडून घोकून घेतली असेल! तिचा अर्थ मला त्या बांकावर प्रथम कळला. पांच वाजतां सूज उतरली, नातीनें पाणी मागितलें, आणि मग तिच्या आईला रडूं आलें.

रात्रीं ते खाणावळवाले गृहस्थ आमच्या बिऱ्हाडीं आले. हातांत डबा. त्यांत गुरगुट्या भात व उकडलेला बटाटा होता. नव्या भांड्यांत शिजविला आहे, असें दोनदां सांगितलें. पैसे घेतले नाहींत. दुसऱ्या दिवशीं मुलगा म्हणाला, आतां हॉटेलांतच जेवूं, निदान तेथें यादी छापलेली असते. मीं आग्रह धरला कीं त्याच खाणावळींत जावयाचें. आमच्यांत थोडा शब्दाला शब्द झाला. सुनेनें तोड काढली: ती आधीं एकटी जाऊन स्वयंपाकघर पाहून आली. मग उरलेले दोन दिवस आम्ही तेथेंच जेवलों, आणि स्वयंपाकघर पाहिल्यानें जें कळलें तें कोणत्याहि छापील यादींत नसतें.

तें असें. कोळंबी केवळ कोळंबीच्या पदार्थांत नसते. दुधींत असते, भोपळ्याच्या पाल्यांत असते, कधीं केळफुलांत असते. तळणाचें तेल एकच असतें. त्यांतच प्रथम कोळंबीचीं भजीं व मागाहून बटाट्याच्या काचऱ्या निघतात. पळी एका कढईंतून दुसऱ्या कढईंत जाते. चिनी पद्धतीच्या भातांत व शेवयांत बाटलीबंद रस घालतात, त्यांत शिंपल्याचा अंश असूं शकतो. शाकाहारी माणसानें आणखी एक जपावें: बंगाली घरांत डाळीसुद्धां माशाचें डोकें घालून करण्याची चाल आहे व ती डाळ फार वाखाणली जाते. म्हणून "शाकाहारी आहे का?" एवढ्यावर थांबूं नये. डाळ, भाजी, चटणी, प्रत्येकीचें निराळें नांव घेऊन "ह्यांत मासा आहे का, चिंगडी आहे का?" असें विचारावें. ज्या पदार्थाचें वावडें असेल त्याचें नांव बंगालींत व हिंदींत एका चिठ्ठीवर लिहून घ्यावें, आणि ती चिठ्ठी वाढप्याला न देतां आचाऱ्याच्या हातीं द्यावी. आमची चिठ्ठी त्या गृहस्थांनींच लिहून दिली. "ह्या मुलीला चिंगडी म्हणजे विष आहे" असें काहींसें तींत आहे म्हणतात. ती दाखविली कीं पुढच्या प्रत्येक ठिकाणीं आचारी स्वतः बाहेर येऊन नातीचें तोंड पाहून जात असे.

औषध बिऱ्हाडीं न ठेवतां जेवावयाच्या टेबलावर ठेवावें, आणि वावडें तीव्र असेल तर निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांना बेटावर जात असल्याचें सांगून औषधें लिहून घ्यावीं, हें ओघानेंच आलें. आरोग्य केंद्र कोठें आहे तें पहिल्याच दिवशीं पाहून ठेवावें.

आतां इतर ठिकाणें थोडक्यांत. विजयनगरच्या बाजूला, म्हणजे पांच नंबरला, राहण्याच्या जागांना जोडून पुष्कळ उपाहारगृहें आहेत. पाणबुड्या खेळासाठीं येणाऱ्या परदेशी पाहुण्यांमुळें तेथें पाव, अंडीं, फळें, आटवलेलीं सारें असे सौम्य पदार्थ चांगले मिळतात, आणि तिखट न खाणाऱ्या मुलांची सोय होते. झाडांखालीं टेबलें, पायांखालीं वाळू. येथें अर्धा ते पाऊण तास थांबण्याची तयारी ठेवावी. पण मुलांना वाळूंत खेळावयास सोडतां येतें, त्यामुळें तो वेळ जाचत नाहीं. भरती-ओहोटीची वेळ मात्र विचारून ठेवावी. ओहोटीला तेथील पाणी फार दूर जातें व खडक उघडे पडतात. त्यांवर अनवाणी धांवणाऱ्या पोराचे पाय कापतात. रात्रीं ह्या रस्त्यावर दिवे विरळ आहेत. पायीं जेवावयास जाणाऱ्यांनीं विजेरी न्यावी, आणि दूरच्या उपाहारगृहांत जाणाऱ्यांनीं परतीची रिक्षा आधींच ठरवावी.

राधानगरचा किनारा जगप्रसिद्ध. 'टाइम' साप्ताहिकानें २००४ सालीं त्याला आशियांतील सर्वोत्तम किनारा म्हटलें, तेव्हांपासून तेथील गर्दी वाढतच आहे. बाजारापासून तो दहाएक किलोमीटर. किनाऱ्याच्या तोंडाशीं लहान लहान झोंपड्यांतून भात-मासे, भजीं, शहाळीं मिळतात. सूर्यास्त पाहावयास सारीं माणसें एकाच वेळीं येतात व एकाच वेळीं परत फिरतात. अंधार पडल्यावर त्या झोंपड्याहि आंवरूं लागतात. तेव्हां येथें रात्रीच्या जेवणाचा बेत करूं नये. दुपारीं साडेअकराला येथेंच भात खावा, झाडांच्या सावलींत मुलांना निजवावें, चारनंतर पाण्यांत सोडावें, सूर्यास्त पाहावा व बाजारांत येऊन जेवावें. काळापत्थरला पूर्ण जेवणाच्या आशेनें जाऊं नये. शहाळें व कापलेली पपई तिखट-मीठ लावून मिळते, आणि तेवढ्यासाठीं जाणें मात्र अवश्य.

मासे खाणाऱ्यांसाठीं दोन शब्द. मोठ्या उपाहारगृहांत सबंध मासा वजनावर विकतात. तांबोशी, सुरमई, कुपा हे आपल्या ओळखीचे. नांवें निराळीं, म्हणून मासा डोळ्यांनीं पाहून ओळखावा. आधीं मासा दाखविण्यास सांगावें, समोर वजन करवावें, आणि किलोचा भाव व भाजण्याची मजुरी मिळून एकंदर किती होतील तें विचारून मगच होकार द्यावा. आमच्या शेजारच्या टेबलावरील एका कुटुंबानें शेवंड मागविली व बिल आल्यावर त्यांच्यांत जें मौन पसरलें तें अजून आठवतें. सहा माणसांना एक-दीड किलोचा एकच मासा, निम्मा भाजून व निम्मा झोलांत, हें पुरेसें होतें. आणखी एक ध्यानांत ठेवावें. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला जून-जुलैंत बंदी असते, तर अंदमानांत ती पूर्वकिनाऱ्याप्रमाणें १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे नेमकी आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुटींत! त्या दिवसांत लहान होड्यांची थोडी मासळी येते, पण विविधता कमी व बर्फांतला माल अधिक. केवळ मासळीसाठीं जाणाऱ्यांनीं जानेवारी-फेब्रुवारी पाहावा.

रोख पैसे जवळ असावे. समुद्राखालून घातलेली दूरसंदेशाची तार ऑगस्ट २०२० मध्यें सुरू झाल्यापासून भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय सुधारली आहे. तरी आम्हांस एका संध्याकाळीं ती दगा देऊन गेली, आणि खाणावळवाल्यानें दुसऱ्या दिवशीं द्या म्हणून आमची सुटका केली. अनोळखी माणसावर इतका विश्वास टाकणारा दुकानदार मला आमच्या गल्लींत माहीत नाहीं.

हवेचाहि भरंवसा नसतो. डिसेंबर २०१६ मध्यें वादळानें बोटी बंद पडल्या, हॅवलॉक व नील येथें शेंकडों प्रवासी अडकले, आणि शेवटीं नौदलाचीं जहाजें पाठवून त्यांना बाहेर काढावें लागलें. असें नित्य घडत नाहीं. परंतु ज्या बेटाचा शिधा बोटीनें येतो तेथें बोट थांबली कीं भाजी प्रथम संपते, मग अंडीं, मग मुलांचीं बिस्किटें. पत्नीनें घरून आणलेल्या दशम्या, मेतकूट व डाळीच्या पिठाचे लाडू यांना मीं मुंबईच्या विमानतळावर नांवें ठेविलीं होतीं. आरोग्य केंद्रांतून परत आलेल्या रात्रीं नातीनें गुरगुट्या भातावर तें मेतकूट घालून खाल्लें, आणि ह्या बाबतींत मी पुन्हां तोंड उघडलेलें नाहीं.

परतीच्या दिवशीं बोट सकाळची होती. लाटांवर बोट हलते व भरल्या पोटीं मुलांना मळमळतें, म्हणून निघण्यापूर्वीं तासभर आधीं दोन-दोन इडल्या व केळें एवढेंच द्यावें. तळलेलें कांहीं नको, दूध नको. आम्हीं तसें केलें. धक्क्यावर रांगेंत उभे असतां ते खाणावळवाले गृहस्थ सायकलवरून आले आणि नातवाच्या हातीं वेलची केळ्यांची एक फणी देऊन, आमची बोट सुटण्यापूर्वींच, दुपारच्या भाताची वेळ झाली म्हणून परत गेले.